लाकूड की काँक्रीट? बांधकामातील कर्बवायूचा ताळेबंद

बल्लारपूर येथील वन विभागाच्या लाकूड आगारात आलापल्ली आणि आसपासच्या जंगलांतून आलेले सागवान लिलावासाठी रचून ठेवलेले असते. अयोध्येतील राममंदिराच्या दरवाजांसाठी २०२३ मध्ये सागवान रवाना झाले ते येथूनच. याच चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा-कोरपना भागात जमिनीखाली चुनखडीचे विस्तीर्ण थर आहेत. त्यांच्या आधारावर आवारपूर, गडचांदूर, उपरवाही या परिसरात सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. त्यांच्या भट्ट्यांना लागणारा कोळसाही वर्धा खोऱ्यातील खाणींत जवळच उपलब्ध आहे. घर बांधण्याची दोन प्रमुख साधने, लाकूड आणि सिमेंट, अशी एकाच भागातून निघून राज्यभर जातात.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे हे चंद्रपूरकरांना नवीन नाही. वातावरणात साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच कर्बवायूमुळे पृथ्वीचे तापमान वाढत असताना बांधकामासाठी वापरल्या जाणाऱ्या साहित्याकडेही या दृष्टीने पाहणे आवश्यक ठरले आहे. झाड हवेतील कर्बवायू शोषून वाढते, तर सिमेंट तयार होताना तो हवेत सोडला जातो. मग घरे लाकडाचीच बांधावीत काय? प्रश्न सोपा दिसतो. त्याचे उत्तर मात्र काळजीपूर्वक हिशेब मांडल्याखेरीज मिळत नाही.

चुनखडी ते सिमेंट

खडी, वाळू, पाणी आणि सिमेंट यांच्या मिश्रणातून काँक्रीट तयार होते. वजनाने पाहिल्यास सिमेंटचा वाटा त्यात साधारणतः दहा ते पंधरा टक्केच असतो. परंतु काँक्रीटच्या खाती जमा होणाऱ्या कर्बवायूचा बहुतांश भार या लहानशा वाट्यावरच असतो. याचे कारण सिमेंटच्या रसायनात आहे.

चुनखडी आणि माती यांचे दळलेले मिश्रण फिरत्या भट्टीत सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले जाते. या उष्णतेने चुनखडीचे विघटन होऊन चुना मागे उरतो आणि कर्बवायू बाहेर पडतो. शुद्ध चुनखडी घेतली तर १०० किलोग्रॅम दगडातून ५६ किलोग्रॅम चुना मिळतो आणि ४४ किलोग्रॅम कर्बवायू हवेत जातो. भट्टीत कोळशाऐवजी दुसरे कोणतेही स्वच्छ इंधन वापरले, तरी दगडातूनच निघणारा हा वायू टळत नाही. सिमेंटनिर्मितीतील एकूण कर्बवायूपैकी निम्म्याहून अधिक भाग या विघटनाचा असतो; उरलेला इंधन आणि वीज यांचा. भट्टीतून निघणाऱ्या खड्यांना क्लिंकर म्हणतात. ते थोड्या जिप्समबरोबर दळले की साधे पोर्टलंड सिमेंट तयार होते.

घरमालकाला समजेल अशा भाषेत सांगायचे तर साध्या सिमेंटच्या ५० किलोग्रॅमच्या एका गोणीमागे सुमारे ४० किलोग्रॅम कर्बवायू हवेत गेलेला असतो. जगात दरवर्षी सुमारे ४०० कोटी टन सिमेंट तयार होते आणि मानवी व्यवहारांतून निघणाऱ्या कर्बवायूत या उद्योगाचा वाटा ७ ते ८ टक्के मानला जातो. सिमेंट उत्पादनात चीनखालोखाल भारताचा क्रमांक लागतो.

काँक्रीट आपल्या आयुष्यात हवेतील थोडा कर्बवायू परत शोषून घेते, हेही नमूद केले पाहिजे. परंतु ही क्रिया अतिशय मंद असते. शिवाय ती आतील सळ्यांपर्यंत पोचली तर सळ्यांचे गंजापासूनचे संरक्षण नाहीसे होते. त्यामुळे या शोषणावर फारसे विसंबून राहता येत नाही.

झाडात साठलेला कार्बन

लाकडाची गोष्ट उलट आहे. झाड पानांवाटे कर्बवायू घेते, प्राणवायू हवेत सोडते आणि कार्बन आपल्या खोडात, फांद्यांत व मुळांत साठविते. वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी जवळजवळ निम्मे वजन कार्बनचे असते. एक घनमीटर वाळलेले सागवान सुमारे ६०० किलोग्रॅम भरते, असे धरले तर त्यात ३०० किलोग्रॅम कार्बन, म्हणजे हवेतून घेतलेला सुमारे १,१०० किलोग्रॅम कर्बवायू बंदिस्त असतो. हे लाकूड तुळईच्या, चौकटीच्या किंवा फळीच्या रूपाने घरात सुरक्षित आहे तोवर तो कार्बन हवेत जात नाही. लाकूड जळाले, कुजले किंवा वाळवीने खाल्ले की तो पुन्हा हवेत मिसळतो.

म्हणजेच लाकूड हा कार्बनचा कायमचा नाश नव्हे. ती एक ठेव आहे. ठेवीचे मोल तिच्या मुदतीवर अवलंबून असते, ही बाब पुढील हिशेबात महत्त्वाची ठरते.

एका खोलीचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब अशी एक खोली आहे. तिच्यावर वरच्या मजल्याची जमीन करावयाची आहे. पुढील आकडे सर्वसाधारण प्रमाणे धरून काढलेले, केवळ तुलनेसाठीचे आहेत.

साडेबारा सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब घातला, तर १.५ घनमीटर काँक्रीट लागेल. त्यासाठी सिमेंटच्या सुमारे दहा गोण्या व १०० ते १२० किलोग्रॅम पोलादी सळ्या लागतील. साधे सिमेंट वापरल्यास गोण्यांच्या खाती ४०० किलोग्रॅम कर्बवायू पडतो. एक किलोग्रॅम पोलादामागे सुमारे अडीच किलोग्रॅम धरला, तर सळ्यांच्या खाती आणखी २५० ते ३०० किलोग्रॅम. एकूण ६५० ते ७०० किलोग्रॅम.

त्याच खोलीवर जुन्या पद्धतीने सागवानी कडीपाट घातला, तर दहा बाय पंधरा सेंटिमीटरच्या आठ कड्या व वर अडीच सेंटिमीटर जाडीचे पाट मिळून सुमारे ०.७ घनमीटर चिरलेले लाकूड लागेल. झाड तोडणे, वाहतूक करणे व आरागिरणीत चिरणे यांसाठी खर्च होणाऱ्या इंधनाचा कर्बवायू साधारणतः १०० किलोग्रॅमच्या आत राहील. उलट त्या कडीपाटात सुमारे ७७० किलोग्रॅम कर्बवायूइतका कार्बन साठलेला असेल.

येथे हिशेब थांबविला, तर लाकडाचा विजय निर्विवाद आहे. अनेकदा तो येथेच थांबविला जातो आणि चूक होते ती येथेच.

हिशेबाची दुसरी बाजू

गोल ओंडक्यातून चिरलेले लाकूड साधारणपणे निम्मेच मिळते. उरलेले साल, कडेच्या फळ्या आणि भुसा यांच्या रूपाने बाजूला पडते. म्हणजे आपल्या कडीपाटासाठी सुमारे १.४ घनमीटर ओंडके तोडावे लागले. त्यांतील निम्मा कार्बन घरात आला. तेवढाच दुसरा, सुमारे ७७० किलोग्रॅम कर्बवायूइतका, बाहेर राहिला. हा भाग बहुधा सरपण म्हणून जळतो व थोड्याच काळात हवेत जातो. जंगलात राहिलेल्या फांद्या आणि जमिनीतील मुळे कुजू लागतात, त्यांचा कर्बवायू निराळा. जमीन उघडी पडली, तर मातीतील सेंद्रिय कार्बनही कमी होतो.

तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे झाड वाढलेच नाही, तर लाकडी मजल्याच्या खाती पडणारा हा भार स्लॅबच्या भाराएवढा किंवा त्याहून अधिक भरतो. त्या जागी नवे झाड लावले, जगविले आणि पूर्ण वाढू दिले, तरच हा खर्च हळूहळू भरून निघतो आणि घरातील ठेव ही खऱ्या अर्थाने शिल्लक ठरते.

यास लागणारा काळ थोडा नाही. आपल्याकडील सागवानाच्या लागवडी पक्व होण्यास साठ ते ऐंशी वर्षे दिली जातात. यावरून एक साधे सूत्र निघते: लाकूड जेवढी वर्षे रानात वाढले, किमान तेवढी वर्षे ते घरात टिकले पाहिजे. साठ वर्षांच्या सागाची चौकट दहा वर्षांत वाळवीने खाल्ली, तर त्या घराने हवेचे काहीच भले केले नाही.

आणखी एक मुद्दा केवळ कार्बनच्या मोजमापात बसत नाही. नैसर्गिक जंगल म्हणजे लाकडाचे कोठार नव्हे. ते पाणी मुरविते, माती धरून ठेवते, वन्यप्राण्यांना आणि वनांवर जगणाऱ्या माणसांना आधार देते. आलापल्लीचा ‘वनवैभव’ म्हणून राखलेला पट्टा २०१४ मध्ये जैविक वारसास्थळ म्हणून घोषित झाला, तो याच जाणिवेतून. महाराष्ट्राच्या भूभागापैकी सुमारे साडेसोळा टक्के भागावरच वनाच्छादन आहे. घरांसाठी अशा जंगलांवर कुऱ्हाड चालविणे कोणत्याही हिशेबाने परवडणारे नाही.

धोरणाचा प्रवास

शासकीय धोरणही या दोन्ही बाजूंमधून वाट काढत आले आहे. जंगलांचा होणारा ऱ्हास लक्षात घेऊन १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एक-तृतीयांश भूमीवर वन अथवा वृक्षाच्छादन असावे, असे उद्दिष्ट ठेवले आणि लाकडाला पर्यायी साहित्य वापरण्यावर भर दिला. त्यास अनुसरून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या बांधकामांत लाकडाच्या वापरावर बंदी घातली. सरकारी इमारतींत लाकडी दारे-खिडक्यांची जागा लोखंड, अॅल्युमिनियम आणि प्लास्टिक यांनी घेतली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलांत होणाऱ्या वृक्षतोडीस मनाई केली.

जंगल वाचविण्याच्या दृष्टीने ही पावले आवश्यक होती. परंतु लाकडाच्या जागी आलेले पोलाद व अॅल्युमिनियम तयार करण्यासही मोठ्या प्रमाणावर ऊर्जा लागते. दरम्यान शेताच्या बांधावर आणि खासगी जमिनीवर लावलेल्या झाडांचे लाकूड वाढत गेले. देशात वापरल्या जाणाऱ्या देशी लाकडाचा बहुतांश भाग आता सरकारी जंगलांतून नव्हे, तर अशा लागवडींतून येतो. ही परिस्थिती लक्षात घेऊन २०२० मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने ती बंदी उठविली. लाकूड वापरावे की नाही, या प्रश्नाची जागा आता लाकूड कोठून आणावे, या प्रश्नाने घेतली आहे.

परदेशांत याच काळात लाकडाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. नॉर्वेमधील ब्रुमुंडाल येथे २०१९ मध्ये अठरा मजल्यांची, तर अमेरिकेतील मिलवॉकी येथे २०२२ मध्ये पंचवीस मजल्यांची इमारत पूर्ण झाली. लहान फळ्या एकमेकींवर आडव्या-उभ्या चिकटवून तयार केलेल्या जाड लाकडी पत्र्यांचे तंत्र १९९० नंतर ऑस्ट्रिया व जर्मनीत विकसित झाले. या नव्या इमारतींमागे अशीच चिकटकामाची तंत्रे आहेत. मात्र नॉर्वेतील इमारतीच्या वरच्या मजल्यांवर वाऱ्याने होणारे हेलकावे कमी व्हावेत म्हणून वजनदार काँक्रीटच घालावे लागले. शिवाय त्या देशात लोकवस्ती विरळ आणि सूचिपर्णी वृक्षांची वने विस्तीर्ण आहेत. तेथील अनुकरण जसेच्या तसे येथे करावयाचे, तर लाकूड परदेशातून आणावे लागेल आणि ते कोणत्या जंगलातून आले, याची खात्री करून घेणे अधिकच कठीण होईल.

टिकाऊपणाचा प्रश्न

महाराष्ट्राला लाकडी बांधकामाची परंपरा नवी नाही. १७३० ते १७३२ या काळात उभारलेल्या पुण्याच्या शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या जंगलांतून सागवान आणले गेले. तो वाडा १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. त्याच शहरात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या विश्रामबागवाड्याचे कोरीव लाकडी खांब मात्र आजही उभे आहेत. लाकडाची उणीव आणि त्याचे सामर्थ्य, दोन्ही या दोन वाड्यांत दिसतात.

जाड तुळई पेटली तर तिचा पृष्ठभाग मिनिटाला साधारणतः अर्धा ते पाऊण मिलिमीटर या गतीने कोळसा होत जातो आणि हा कोळशाचा थर आतील लाकडाचे काही काळ रक्षण करतो. पातळ फळ्या मात्र झपाट्याने पेटतात. म्हणून दाट वस्तीत अग्निसुरक्षेचे नियम पाळल्याखेरीज लाकडी मजले उभारणे योग्य नाही. वाळवी आणि ओल हे दुसरे शत्रू. जुने गवंडी आणि सुतार खांब कधीही थेट जमिनीत पुरत नसत. ते दगडी तळखड्यावर उभे करीत. लाकूड पुरते वाळवून वापरणे, त्यावर योग्य रासायनिक प्रक्रिया करणे आणि पावसाचे पाणी त्यावर साचू न देणे, या खबरदारीने त्याचे आयुष्य पिढ्यान्‌पिढ्या वाढते. पाडलेल्या वाड्यांतील सागवान जुन्या लाकडाच्या बाजारात पुन्हा विकले जाते आणि नव्या घरात बसविले जाते. कर्बवायूच्या दृष्टीने याहून चांगले लाकूड नाही. कारण त्यासाठी नवे झाड तोडावे लागत नाही.

काँक्रीटची काटकसर

पाया, धरण, पूल, पाण्याची टाकी किंवा बहुमजली इमारत ही कामे आपल्या परिस्थितीत काँक्रीटशिवाय होणे कठीण आहे. भारतात वर्षाला तयार होणाऱ्या सिमेंटचे प्रमाण ४० कोटी टनांहून अधिक आहे. त्यातून उभ्या राहणाऱ्या काँक्रीटचा एक लहान हिस्सा लाकडाने भरून काढायचा म्हटले, तरी आपल्या लागवडी अपुऱ्या पडतील. म्हणून काँक्रीट वापरायचेच, तर त्यातील क्लिंकर कसे कमी होईल, याकडे लक्ष दिले पाहिजे.

औष्णिक वीज केंद्रांतील कोळशाची राख हा यातील मोठा आधार आहे. भारतीय मानकानुसार पोर्टलंड पोझोलाना सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख मिसळता येते. तेवढ्या प्रमाणात क्लिंकर वाचते आणि गोणीमागील कर्बवायू ४० वरून ३० किलोग्रॅमपर्यंत किंवा त्याहूनही खाली येतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी साचणाऱ्या राखेच्या विल्हेवाटीचा प्रश्नही त्यामुळे काही अंशी सुटतो. पोलाद कारखान्यांतील मळी वापरून केलेले स्लॅग सिमेंट हा दुसरा पर्याय. भाजलेली चिकणमाती व न भाजलेली चुनखडी मिसळून केलेल्या नव्या सिमेंटसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले आहे. त्यात क्लिंकर जवळजवळ निम्म्यावर येत असल्याने कर्बवायूत तीस ते चाळीस टक्के बचत होऊ शकते.

अशा सिमेंटला ताकद येण्यास थोडा अधिक वेळ लागतो. त्यामुळे सात दिवसांनी पाणी मारणे बंद न करता निदान दहा दिवस, आणि उन्हाळ्यात चौदा दिवस, काँक्रीट ओले ठेवले पाहिजे. पाणी मारण्यात केलेली हयगय, मिश्रणात घातलेले जादा पाणी आणि सळ्यांवर राहिलेले अपुरे आवरण यांमुळे पन्नास-साठ वर्षे टिकणारा स्लॅब वीस-पंचवीस वर्षांतच गळू लागतो. मग तो पाडून नवा घालावा लागतो आणि कर्बवायूचा खर्च दुप्पट होतो. काँक्रीटचे कर्ज बांधकामाच्या दिवशीच उचललेले असते. इमारत जितकी अधिक वर्षे टिकेल, तितके ते वर्षागणिक हलके होते.

काँक्रीटच्या घरालाही लाकूड लागते, हे सहसा ध्यानात येत नाही. सेंटरिंगच्या फळ्या आणि बल्ल्या चार-दोन स्लॅबनंतर निकामी होऊन जळणात जातात. त्यांऐवजी पुनःपुन्हा वापरता येतील अशा लोखंडी प्लेटा व टेकू वापरल्यास ही नासाडी टळते.

बांधावरील साग आणि बांबू

लाकडाची योग्य वाढ जंगलाबाहेर झाली, तर त्याचा लाभ शेतकऱ्याला मिळतो. शेताच्या बांधावर सागाची एक रांग म्हणजे पुढील पिढीसाठी केलेली बचतच होय. साग तोडण्यासाठी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यान्वये परवानगी लागते. म्हणून लागवडीची नोंद सात-बारा उताऱ्यावर वेळीच करून ठेवणे हिताचे ठरते. आपल्या लाकडाचा उगम कागदोपत्री सिद्ध करता येणारा शेतकरी उद्याच्या बाजारात अधिक चांगला भाव मागू शकेल.

साठ वर्षे वाट पाहणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी बांबू आहे. बांबूची काठी तीन ते चार वर्षांत पक्व होते आणि ती कापल्यावर त्याच बेटातून नवे कोंब येतात. खासगी जमिनीवरील बांबू २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळण्यात आल्याने त्याच्या तोडणीतील व वाहतुकीतील मोठी अडचण दूर झाली. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र कार्यरत आहे. बोरॅक्स आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणात प्रक्रिया केलेला बांबू किडीपासून सुरक्षित राहतो. प्रक्रिया न केलेला बांबू दोन-तीन वर्षांतच भुंग्याच्या भक्ष्यस्थानी पडतो आणि ‘ठेवीच्या मुदती’चे सूत्र येथेही लागू होते.

निवड करताना

लाकूड नेहमीच निर्दोष आणि काँक्रीट नेहमीच दोषी, असा निवाडा या ताळेबंदातून निघत नाही. लाकडाचे श्रेय ते कोठून आले, त्याच्या जागी काय वाढले आणि ते किती वर्षे टिकले, यांवर ठरते. काँक्रीटचा दोष त्यात क्लिंकर किती, ते घातले किती आणि इमारत टिकली किती, यांवर ठरतो.

घर बांधणाऱ्याने म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुनी भक्कम इमारत दुरुस्त होत असेल, तर पाडू नये. गरजेपेक्षा अधिक बांधू नये. दारे, खिडक्या, छप्पर आणि हलके मजले यांसाठी लागवडीतील, उगम ठाऊक असलेले किंवा जुने लाकूड वापरावे. स्लॅबसाठी राखमिश्रित किंवा स्लॅग सिमेंट मागून घ्यावे, मिश्रण मोजून घालावे आणि पाणी मारण्यात आळस करू नये. आणि घराला सागाचा एक दरवाजा बसविला, तर बांधावर सागाची दोन रोपे लावून ती जगवावीत.

भारताने २०७० पर्यंत कर्बवायूचा जमाखर्च शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट २०२१ मध्ये जाहीर केले. आज बांधावर लावलेला साग पक्व होण्यास त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. आज घातलेला चांगला स्लॅबही त्या वर्षी उभाच असेल. त्या वेळचा हिशेब कसा निघेल, हे आज वखारीत आणि बांधकामाच्या जागेवर आपण काय निवडतो, यावर बऱ्याच अंशी ठरणार आहे.